मधला पत्रा

१ जानेवारी १९९७

बियाण्याच्या कंपनीवाल्यांनी यंदा डायरी दिली. पानापानावर कापसाचं बोंड छापलंय. त्यांचे सेल्समन आमच्या गाडीनं पुण्याला जातात, त्याची ही भेट. घरी धूळ खात पडण्यापेक्षा लिहू म्हटलं. सकाळी पुण्याहून गाडी पोचल्याचा फोन आला की तासभर तसंही काम नसतं.

मी धर्मराज, मूळ धावड्याचा, आता नवीन जालना, स्टेशन रोड. धर्मराज ट्रॅव्हल्स, जालना ते पुणे, रोज रात्री नऊ वाजता. गाड्या दोन. एक जाते, एक येते. सोळा वर्षांमागं मी आणि लतीफ एका जीपवर होतो. तो टपावर सामान बांधायचा आणि मी रस्त्यात उभा राहून पुकारायचो, "अंबड, अंबड, अंकुशनगर!" साखर कारखान्याचे कामगार माझ्या आवाजावर धान्याच्या मोंढ्यातून पळत यायचे. दुसऱ्या जीपवाल्यांनी हॉर्न वाजवून बघितले, माझ्यापुढं टिकले नाहीत. आवाज देवानं दिला आणि कान त्याहून तिखट दिले. कोण कुणाला किती भाडं कबूल करतंय ते मला चार माणसं सोडून ऐकू यायचं. त्या कानांवरच इथवर आलो.

लतीफ अजून माझ्याजवळच आहे. टपावरचं सामान सगळं त्याच्या ताब्यात. चारचौघांत तो मला शेठ म्हणतो, दोघंच असलो की धर्मा.

आता कटकट काय ती लिहितो. आमचं दुकान मुळात एकच. घरमालकानं मधोमध पत्रा ठोकून त्याची दोन केली. डावीकडचं माझं. उजवीकडच्यात दिवाळीला बद्रीनाथ येऊन बसला, रत्नमाला ट्रॅव्हल्स. तीही पुण्याला, तीही नऊला. आज सकाळी समोरच्या भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं दिसली: "रत्नमाला ट्रॅव्हल्स. सामान फुकट."

आमचं तिकीट शंभर, आणि पोतं असलं तर पोत्याला वीस. त्याचं तिकीटच एकशेवीस. मग फुकट ते काय दिलं? मी हे लतीफला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "शेठ, तुमचं बराबर हाय. पण लोकं भित्त वाचून राह्यले, हिशेब न्हाई."

४ जानेवारी

तुळजाबाई आज माझ्या दारावरून पुढं गेली आणि बद्रीनाथच्या बाकावर जाऊन बसली. तिची लेक हडपसरला दिली आहे. दर महिन्याला ज्वारीचं एक पोतं घेऊन ही बाई जाते आणि आजवर आमच्याच गाडीनं जात आली. आपल्याकडे पुण्यात ज्याचं कुणी आहे त्याला गावाकडचं धान्य जातंच. तिथल्या ज्वारीची भाकरी कुणाच्या गळ्याखाली उतरत नाही म्हणतात.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "मावशी, कामून रुसला आमच्यावर?"

"रुसले कशाची. त्याहीच्याकडं पोतं फुकट हाय ना बाबा."

"पण तिकीट वीस रुपयानं जास्ती हाय."

"तिकीट तर कुठंबी काढावंच लागतं. पोत्याचे पैशे मात्र जिवावर येतात. पोरीच्या पोटासाठी नेते मी, अन् तू त्याच्यावर पैशे लावतो."

एवढा हिशेब येणारा माणूस मी, आणि भिंतीवरच्या दोन शब्दांनी मला हरवलं.

७ जानेवारी

मी ठरवलं, गाडीत टीव्ही बसवायचा. व्हिडिओ कोच म्हणतात तसली गाडी. दुपारी गाडी दुकानासमोर उभी होती. लतीफला आत बोलावलं आणि म्हटलं, कुणाला सांगायचं नाही, असं असं आहे. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तो उठला, खुंटीवरची चावी घेऊन गेला आणि गाडी सुरू करून आला. सगळं दुकान हादरायला लागलं. मग मला त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागलं.

"इंजिन कशाला चालू केलं रे?"

"गरम होऊ दे. तू बोल."

जानेवारीच्या दुपारी दोन वाजता इंजिन गरम करायचं. ही खोड त्याला हल्लीच लागली आहे. मी कामाचं बोलायला लागलो की हा डिझेल जाळतो. त्याचं बोलण्याकडं ध्यान नसतं, की त्याला माझं बोलणं ऐकायचंच नसतं, कोण जाणे.

१३ जानेवारी

टीव्ही बसला. कुणाला पत्ता लागला नव्हता. बद्रीनाथ गाडीच्या काचेला नाक लावून बघत होता. संपतच्या रिक्षावर भोंगा लावून दिवसभर गावात पुकारा केला. संपत सगळ्यांचाच पुकारा करतो, निवडणुकीतही सगळ्या पक्षांचा. रात्रीची गाडी भरली.

संध्याकाळच्या पेपरात घालून बद्रीनाथची छापील चिठ्ठी आली: "तिळगूळ आमचा, सामान तुमचं, भाडं कुणाचंच नाही. रत्नमाला ट्रॅव्हल्स." वाचून मलासुद्धा क्षणभर बरं वाटलं. मग राग आला.

१६ जानेवारी

काल निर्णय घेतला. आपणही तिकीट एकशेवीस करायचं आणि सामान फुकट म्हणायचं. गाडी स्प्रिंगचे पाटे बसवायला गॅरेजात होती, दुकानासमोर मोकळंच. लतीफला आत घेऊन सगळं सांगितलं. तो सारखा म्हणत होता, "आहिस्ता, धर्मा, आहिस्ता बोल." रमजान चालू आहे, रोजाच्या पोटी माणसाला मोठं बोलणं सहन होत नसेल, म्हणून मी हळूच बोललो.

"फुकट नको लिहू," तो म्हणाला. "फुकट लिहिलं की लोकं घर उचलून आणतील. टपावर मी चढतो, तू न्हाई."

"बद्रीनाथच्या टपाला काय झालं?"

"त्याचा टपवाला रोज रडून राह्यलाय."

ऐकलं नाही मी. वसंता पेंटरला आज सकाळी भिंत रंगवायला पाठवलं. तो ब्रश घेऊन पोचला तर शेजारच्या भिंतीवर बद्रीनाथची ओली अक्षरं: "नक्कल करणाऱ्यांपासून सावध. अस्सल फुकट फक्त रत्नमाला."

मी काल दुपारी बोललो. त्यानं आज पहाटे रंगवलं. मधल्या वेळात ही गोष्ट फक्त लतीफला माहीत होती. लिहिताना हात अडतोय, पण लिहून ठेवतो.

१९ जानेवारी

फुकटचं फळ मिळालं. काल दिवेलागणीलाच एका कुटुंबानं टपावर ज्वारी, गहू, पाटा-वरवंटा, लोखंडी पलंग आणि एक पाळणा आणला. पाळणा कुणासाठी विचारलं तर म्हणे, अजून लग्न ठरायचंय, पण फुकट जातोय तर जाऊ द्या. अंकुशनगरचा एक जण उसाची मोळी घेऊन आला. पुण्यात ऊस मिळत नाही का, म्हटलं. "मिळतो, पण विकत."

लतीफ दिवसभराच्या उपासानं, रोजा सोडून अर्धा तास झाला नाही तोवर हे सगळं टपावर चढवत होता. खाली उतरल्यावर माझ्याकडं बघितलं आणि तळहातावरचे दोरीचे वळ चोळत गाडीमागं गेला.

बियाणे कंपनीचा एक सेल्समन खिडकीतून कुरकुरत होता, "माझ्याजवळ हातातली एक बॅग. मी लोकांच्या ज्वारीचं भाडं का भरू?" त्याला म्हटलं, साहेब, टीव्ही बघा.

२२ जानेवारी

मी आता पत्र्याचा उपयोग सुरू केलाय. खुर्ची मागं सरकवली की माझं डोकं पत्र्याला लागतं. कान नीट लावला की पलीकडं बद्रीनाथ कुजबुजला तरी शब्दन् शब्द येतो. कोण तिकीट काढतंय, चहा किती सांगितले, सगळं. मूर्ख माणूस, इतक्या पातळ पत्र्याआड धंद्याच्या गोष्टी करतो.

आज वसंताला पुढच्या जाहिरातीचं सांगून झाल्यावर लगेच कान लावला. पलीकडं अगदी शांत होतं. मग बद्रीनाथचा आवाज आला, "झालं वाटतं त्याचं. बंद केलं." रेडिओवर बातम्या लावल्या असतील.

घरी गेलो तर सगुणा म्हणाली, "अहो, मुलांचं तिकीट अर्धं करून राह्यले म्हणं तुम्ही?"

मी ते फक्त वसंताला दुपारी सांगितलं होतं. "तुला कुणी सांगितलं?"

"भाजीवाल्या गोजरबाईनं. ती तुमच्या दुकानासमोरून गाडा घेऊन जाते ना."

गोजरबाईचे बद्रीनाथशी काय संबंध आहेत ते बघावं लागेल. तिचा भाऊ बद्रीनाथच्याच गावाकडं असतो असं ऐकलंय.

२५ जानेवारी

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं.

दुपारी लतीफ दिसेना. कान लावला तर पलीकडं बद्रीनाथ म्हणत होता, "लतीफमियां, बसा. चहा सांगू? बरं बरं, रोजा हाय, राह्यलं. सरळ बोलतो. आमच्याकडं या. तिकडच्यापेक्षा दुप्पट देतो. टपावर चढायचं बी न्हाई, खाली उभं राहून माणसं कामाला लावायची."

मी कान पत्र्यावर आणखी दाबला. लतीफचं उत्तर आलंच नाही. खुर्ची सरकली, चपला वाजल्या, तो बाहेर गेला. मुंडी हलवली असेल. पण कशी हलवली? उभी की आडवी? मुंडीचा आवाज पत्र्यातून येत नाही.

थोड्या वेळानं तो इकडं आला. मी विचारलं, "कुठं गेल्ता?"

"नमाजला," म्हणाला.

नमाजलाही गेला असेल. पण बद्रीनाथकडं गेला होता ते सांगितलं नाही. सोळा वर्षांत त्यानं माझ्यापासून लपवलेली, मला माहीत असलेली, ही पहिली गोष्ट.

२७ जानेवारी

सापळा लावला. तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या. जी फुटेल त्यावरून माणूस कळेल.

एकेकाला आत घेतलं, दार लावून घेतलं. वसंताला सांगितलं, सोमवारपासून प्रत्येकाला घोंगडी देणार. संपतला सांगितलं, येण्याजाण्याचं तिकीट एकदम काढलं तर सूट. शेवटी लतीफ. आज चावी मी आधीच खिशात टाकून ठेवली होती. तो खुंटीकडं गेला, रिकामी खुंटी बघून माझ्याकडं वळला.

"चावी दे. मंग बोल."

"चावीचं अन् बोलण्याचं काय नातं?"

"धर्मा, दे ना. नाहीतर बाहेर चल, स्टेशनकडं चालत बोलू."

माझा संशय आणखी पक्का झाला. दुकानात दार लावून बोलायचं सोडून याला मला रस्त्यावर न्यायचंय, कुणाच्या तरी देखत. मी त्याला बसवलं आणि सांगितलं की नऊची गाडी आता आठला सोडणार. तो डोळे मिटून ऐकत होता. डोकं धरल्यासारखा.

२९ जानेवारी

आज सकाळी बद्रीनाथची रिक्षा भोंगा लावून फिरली. पुकारणारा संपतच. "रत्नमालाकडे घोंगडी. रत्नमालाकडे येण्याजाण्याच्या तिकिटावर सूट. आणि आता रत्नमाला नऊला नाही, पावणेआठला."

तिन्ही गोष्टी फुटल्या.

एक माणूस फितूर होतो हे मी समजू शकतो. तिघं? म्हणजे माझ्याभोवती सगळं कुंपणच त्याचं. वसंताला काढता येत नाही. भिंतीवर धावती वाटेल अशी गाडी गावात तो एकटाच काढतो. संपतला काढता येत नाही, भोंगा त्याच्याच रिक्षावर आहे. आणि ते दोघं शेवटी पैशांचे. त्यांचा राग येतो, वाईट वाटत नाही.

टीव्हीची गोष्ट तेवढी का फुटली नव्हती, याचा विचार करत बसलो. मग लक्षात आलं. त्या दिवशी इंजिन चालू होतं. लतीफला माझं नीट ऐकूच आलं नसेल. ऐकलं नाही म्हणून सांगता आलं नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता पाहिजे?

दुपारी त्याला म्हटलं, "उद्यापासून येऊ नको."

त्यानं गळ्यातला रुमाल काढून हात पुसले. म्हणाला, "शेठ, टपावरची नवी दोरी मागच्या सीटखाली ठेवली हाय. जुनी वापरू नका, तुटंल." दोघंच होतो आम्ही, तरी शेठ म्हणाला.

३ फेब्रुवारी

लतीफच्या जागी कारभारी नावाचा एक माणूस ठेवला. पोती चढवतो बराबर, पण कुणाचं पोतं कुठं उतरायचं ते शिवाजीनगरला पोचल्यावर शोधतो. परवा वाकडच्या माणसाला हडपसरची ज्वारी मिळाली आणि दोघांचेही फोन मलाच.

लतीफ गेला की बातम्या फुटायच्या थांबतील असं वाटलं होतं. थांबल्या नाहीत, वाढल्या. सकाळी मी बोलतो, दुपारी बद्रीनाथच्या भिंतीवर दिसतं. आता तर माझी जाहिरात निघायच्या आधी तिचं उत्तर निघतं. म्हणजे जाता जाता लतीफ कुणाला तरी तयार करून गेला. कारभारीवर नजर ठेवली आहे. आज त्याला मुद्दाम विचारलं, "तू बद्रीनाथला ओळखतो?" पलीकडं कुणीतरी ठसका लागल्यासारखं हसलं.

लतीफ बद्रीनाथकडं अजून दिसला नाही. तेही विचित्रच. दुप्पट मिळत असताना माणूस जाईल नाही तर काय? बहुतेक लोकांनी लगेच बोलू नये म्हणून थांबला असेल.

११ फेब्रुवारी

काल ईद झाली. दरवर्षी लतीफच्या घरून त्याची बायको मैमूना शिरखुर्म्याचा डबा पाठवते. यंदा येणार नाही असं धरून मी दिवसभर दुकानातच बसलो. घरी आलो तर ओट्यावर डबा होता. तोच, कडीला लाल दोरा बांधलेला.

"कुणी आणला?"

"मैमूना सोता आल्ती," सगुणा म्हणाली. "बसली, बोलली. तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलली न्हाई."

"लतीफ काय करतो?"

"मोंढ्यात पोती उचलतो. या वयात. रोज्याच्या महिन्यात माणूस काढला तुम्ही, मला तर तोंड दाखवायची चोरी झाली."

"तुला धंद्यातलं कळत न्हाई."

"धंद्यातलं सगळं कळतं मला. तुम्ही दुकानात बोलता ते मी हितं घरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतेच."

म्हणजे घरापर्यंत माणसं पेरली आहेत. मी शिरखुर्मा घेतला, पण दोन घास खाल्ल्यावर वाटी बाजूला ठेवावी लागली.

१३ फेब्रुवारी

आज पत्र्यानं मला खरं सांगितलं. कान लावला तेव्हा बद्रीनाथ त्याच्या मॅनेजरला म्हणत होता, "तो लतीफ गेला ते लई बरं झालं. त्याच्यानं आपली पंचाईत होत होती. आता कसं, सगळं सोपं झालं."

मी जागचा उठलो. लतीफ गेल्यानं बद्रीनाथला आनंद झाला असेल, तर लतीफ बद्रीनाथचा नव्हता. तो माझाच होता. बद्रीनाथला त्याची अडचण का होत होती ते काही कळलं नाही. सामान चांगलं बांधायचा म्हणून असेल.

मी एका माणसाची मुंडी न बघता त्याला काढलं.

१४ फेब्रुवारी

मोंढ्यात गेलो. लतीफ एका आडतीसमोर पोत्यावर बसून बिडी ओढत होता. पाठीवर घामानं सदरा चिकटलेला. मला बघून उठला नाही. सरकला मात्र, बसायला जागा केली.

मी बसलो आणि विचारलं, "बद्रीनाथनं तुला दुप्पट देतो म्हटलं, तेव्हा तू मुंडी कशी हलवली?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग हलवून दाखवली. आडवी. "तुला कसं कळलं?"

"पत्र्यातून."

"अन् नमाज?" मीच पुढं विचारलं.

"तिकडून निघून नमाजला गेल्तो. तुला सांगून तुझं डोकं कशाला फिरवायचं?"

मी म्हटलं, माझं चुकलं. जीपच्या दिवसांपासून आजवर मी त्याला हे शब्द कधी म्हटले नव्हते, त्यामुळं नीट जमले नाहीत. त्यानं बिडी विझवली.

"येतो. पण दोन गोष्टी. चावी माझ्याजवळ राहील. अन् मी इंजिन चालू केलं तर डिझेलवरून बोलायचं न्हाई."

मला हसू आलं. हा माणूस एवढ्यावर येतोय. जुन्या माणसाला इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय करमत नसेल. कबूल केलं.

"अन् धर्मा, एक सांगू? तू लई जोरात बोलतो."

"मी कुठं जोरात बोलतो?" मी म्हटलं, तर तीन दुकानं सोडून दोन माणसं आमच्याकडं वळून बघायला लागली. मोंढ्यातली माणसं फार चौकस.

१८ फेब्रुवारी

लतीफ आला आणि टप पुन्हा टपासारखा झाला. आज दुपारी मला एक गोष्ट सुचली. ती सांगायला तोंड उघडलं तसा तो उठून गाडी सुरू करून आला. शब्द दिला होता म्हणून मी डिझेलचं काढलं नाही आणि त्याच्या कानात बोललो.

गोष्ट अशी. तो बियाण्याचा सेल्समन काय म्हणाला होता? मी लोकांच्या ज्वारीचं भाडं का भरू? असे किती लोक असतील: कॉलेजची मुलं, सेल्समन, कोर्टात तारखेला जाणारे, हातात एक पिशवी घेऊन चढणारे. फुकट सामानाचे पैसे खरं तर तेच भरतात. मग भिंत त्यांच्यासाठी रंगवायची. तिकीट पुन्हा शंभर, पोत्याला पुन्हा वीस. भाव जुनाच, बोलायची तऱ्हा नवी: "मोकळ्या हातानं या, वीस रुपये कमी द्या."

लतीफ विचार करून म्हणाला, "अन् पोत्याचं लिहायचं का?"

"लिहायचं. लपवायचं न्हाई. ज्याचं पोतं, त्यानं त्याचे द्यायचे."

"मंग मी वसंताला सांगतो. तू नको सांगू. मी त्याला स्टेशनकडं नेऊन सांगतो."

हे स्टेशनकडं नेण्याचं वेड काही समजत नाही. पण सांगू दे.

२१ फेब्रुवारी

भिंत रंगली. बद्रीनाथला काही पत्ता नव्हता. सकाळी तो दुकान उघडायला आला आणि कुलूप हातात घेऊन भिंतीकडं बघतच राहिला.

रात्री गाडी भरली, आणि टप अर्धा रिकामा. लतीफ खाली उभा राहून चहा पीत होता. पावणेआठचं सोडून पुन्हा नऊवर आलेली बद्रीनाथची गाडी शेजारी उभी, टपावर एवढा ढीग की गाडी एका बाजूला झुकलेली.

तुळजाबाई तिकडंच गेली. पण तिची सून, मुलगा आणि जावई हातात एकेक पिशवी घेऊन माझ्या काउंटरवर आले. मी विचारलं, "मावशी तिकडं, तुम्ही इकडं?"

जावई म्हणाला, "सगळ्यांची पोती मामीच्या एका तिकिटावर तिकडून चाललीत. आम्ही मोकळ्या हातानं. तुमच्या भिंतीवर लिहिलंय ना तसं."

एकशेवीस रुपयांत एक म्हातारी आणि घरादाराची ज्वारी बद्रीनाथच्या टपावर. मला त्याची दया आली, थोडीशी.

१ मार्च

बद्रीनाथनं "सामान फुकट" पुसलं. त्याजागी "सामान: एक नग फुकट" आलं. पुढच्या महिन्यात तोही वीसवर येईल असं दिसतं. बाजारात लोक म्हणायला लागलेत, तुम्ही दोघांनी आतून जुळवून घेतलं. शपथ, मी त्या माणसाशी दिवाळीपासून एक शब्द बोललेलो नाही. भिंतीवरच काय ते बोललो.

त्याचं पुढं काय चाललंय ते कळावं म्हणून आज दुपारी कान लावायला खुर्ची मागं सरकवली. त्याआधी लतीफला सहज म्हटलं, एप्रिलपासून औरंगाबादला थांबा द्यायचा विचार आहे. झालं, उठला आणि गाडी सुरू करून आला. मग पत्र्याला कितीही कान लावला तरी घरघर सोडून काही नाही.

चिडून त्याला म्हटलं, "लतीफ, तुला एवढं कळत न्हाई? इंजिन चालू असलं की पत्र्यापलीकडचं एक अक्षर ऐकू येत न्हाई."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग हसायला लागला. पोट धरून, खाली बसून, रुमालानं डोळे पुसत हसला. काय झालं विचारलं तर नुसता हात हलवायचा.

कशाला हसला ते काही कळलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मी जास्त विचारलं नाही. इंजिनही बंद करायला सांगितलं नाही.